तेलाची बदलती वाट

दहा पिनांच्या बोलिंगची लेन फाउल रेषेपासून पहिल्या पिनपर्यंत 60 फूट लांब असते. 1895 मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोलिंग काँग्रेसने तिची मापे ठरवून दिली, पण लाकडाचा स्वभाव मापात बसत नव्हता. चेंडू आदळतो तिथे कठीण मेपल, मधल्या पट्ट्यात मऊ पाइन आणि वर लाखेचा मुलामा. हा मुलामा झिजू नये म्हणून लेनला तेल लावू लागले.

राखणीसाठी आलेले तेल खेळाचा गाभाच बनले. तेलावर चेंडू घसरतो, कोरड्या फळ्यांवर पकड घेऊन वळतो.

1970 च्या दशकात लेनवर पॉलियुरेथेनचा टणक थर आला आणि रबरी चेंडूंची पकड सुटू लागली. 1973 मध्ये बोलिंगपटू डॉन मॅक्यून यांनी प्लॅस्टिकचा चेंडू रसायनात भिजवून मऊ केला आणि त्या हंगामात सहा विजेतेपदे पटकावली. पुढे चेंडूच्या किमान कठीणपणाची मर्यादा ठरली.

1990 च्या दशकातील रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनच्या चेंडूंनी गणित उलटवले. प्लॅस्टिकचा चेंडू तेल पुढे ओढत नेई, त्यामुळे वळण उशिरा येई. रेझिन मात्र तेल शोषून घेते. खेळ रंगतो तशी वाट कोरडी पडते आणि चेंडू लवकर वळतो. मग उजव्या हाताचा खेळाडू पाय आणि नेम दोन्ही डावीकडे, शिल्लक तेलाकडे सरकवतो. डावखुऱ्यांच्या बाजूला गर्दी कमी, म्हणून त्यांची वाट अधिक काळ टिकते.