पेंढ्यावरील अल्कली-प्रक्रिया : एक ऐतिहासिक टिपण

पक्व गवत व धान्याचा पेंढा यांची पचनीयता वाढविण्याचा प्रश्न वरवर पाहता केवळ रसायनशास्त्राचा वाटतो. त्याचा इतिहास तपासला असता मात्र निराळी गोष्ट ध्यानात येते. रासायनिक दृष्ट्या ही प्रक्रिया शंभर वर्षांपूर्वीच सिद्ध झाली होती. त्यानंतर तिच्यात जे फेरफार झाले, ते मुख्यतः पाणी, श्रम व खर्च यांच्या अडचणींतून झाले.

गवत पक्व होऊ लागले की त्याच्या पेशीभित्तिकांत लिग्निन साचत जाते. तेथील सेल्युलोज व हेमिसेल्युलोज पचविण्याचे सामर्थ्य रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातील सूक्ष्मजंतूंत असते. परंतु लिग्निन आड येत असल्याने ती त्यांना पुरती लाभत नाहीत. अल्कलीमुळे लिग्निन व हेमिसेल्युलोज यांना जोडणारे एस्टर-बंध तुटतात, तंतू फुगतात आणि सूक्ष्मजंतूंना आत शिरकाव मिळतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत फ्रान्झ लेहमान यांनी कॉस्टिक सोड्यात पेंढा दाबाखाली शिजवून पाहिला. त्यास इंधन व भक्कम पात्रे लागत. पुढे पहिल्या महायुद्धातील नाकेबंदीने पशुखाद्याची टंचाई तीव्र केली. या पार्श्वभूमीवर एर्न्स्ट बेकमान यांनी १९१९ च्या सुमारास उष्णतेवाचून साधणारी पद्धती मांडली. १०० किलो पेंढा सुमारे ८०० लिटर दीड टक्का द्रावणात भिजवावयाचा व नंतर सोडा निघून जाईपर्यंत धुवावयाचा. पचनीयता सुमारे ४५ टक्क्यांवरून ७० टक्क्यांच्या आसपास जाई. तथापि धुण्यास विपुल पाणी लागे, त्याबरोबर पेंढ्यातील विद्राव्य अंशही वाहून जात आणि ते पाणी ओढेनाले दूषित करी. नॉर्वेसारख्या जलसमृद्ध देशात ही पद्धती कित्येक दशके टिकली, हे अर्थपूर्ण आहे.

१९६४ मध्ये कॅनडातील विल्सन व पिग्डेन यांनी थोड्याच द्रावणाचा उपयोग करून धुण्याची पायरी वगळली. पाण्याचा प्रश्न सुटला. परंतु सोडियम वैरणीतच राहिले. जनावरे अधिक पाणी पिऊ लागली आणि मूत्रावाटे ते सोडियम जमिनीत जाऊ लागले.

म्हणून पुढे अमोनियाकडे व नंतर युरियाकडे लक्ष वळले. १०० किलो पेंढ्यास ४ किलो युरिया पाण्यात विरघळवून लावावा आणि तो सुमारे तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवावा, ही रीत भारतातही प्रचारात आणली गेली. युरियापासून सुटणारा अमोनिया बंध सैल करतो व नत्रही पुरवितो. असे असूनही ती शेतकऱ्यांत फारशी रुजली नाही. पाणी वाहून आणणे, ढीग झाकणे व युरियाचा खर्च यांचा मोबदला दुधातून मिळेलच, असा भरवसा लहान गोठेवाल्यास नव्हता.

यावरून अभ्यासकाने एक बोध घ्यावा. पचनीयतेचे प्रमाण हे प्रयोगाचे अर्धेच फलित होय. पाणी किती लागले, ते कोणी वाहिले आणि सांडपाणी कोठे गेले, याचीही नोंद त्याच तक्त्यात झाली पाहिजे.