इ. स. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक : पक्षाबाहेर गेलेल्या मतांचा पुरावा

इ. स. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकींत आपल्या पक्षाचा उमेदवार सोडून दुसऱ्यास मत कोणीं दिलें, हें निश्चयानें सांगतां येत नाहीं. घटनेच्या ५५ व्या कलमानें हें मतदान गुप्त ठेविलें आहे. मागाहून लिहिलेल्या आठवणी विपुल आहेत, पण त्या बहुधा एका बाजूच्या. अस्सल म्हणावा असा लेख एकच, तो म्हणजे अधिकृत बेरजांचा. त्या बेरजांवरून काय निघतें तेवढें येथें मांडावयाचें आहे.

प्रसंग थोडक्यांत असा. डॉ. झाकीर हुसेन ता. ३ मे १९६९ रोजीं वारले. जुलैंत बंगळूर मुक्कामीं काँग्रेसच्या पार्लमेंटरी बोर्डानें नीलम संजीव रेड्डी यांचें नांव बहुमतानें ठरविलें. पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी यांच्या मनांत जगजीवनराम होते. परंतु यशवंतराव चव्हाण यांनींहि रेड्डींच्याच बाजूस कौल दिला. उपराष्ट्रपति व्ही. व्ही. गिरी राजीनामा देऊन स्वतंत्रपणें उभे राहिले. स्वतंत्र पक्ष व जनसंघ यांनीं चिंतामणराव देशमुख यांस पाठिंबा दिला. मुंबईच्या प्रश्नावर इ. स. १९५६ त अर्थमंत्रिपद सोडणारे ते हेच, हें वाचकांस सांगावयास नकोच. काँग्रेसचे अध्यक्ष निजलिंगप्पा यांनीं या दोन पक्षांकडे दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठीं बोलणें लावलें, आणि त्याच गोष्टीवर श्रीमती गांधींच्या बाजूनें बोट ठेविलें. रेड्डींच्या अर्जावर स्वतः सही केलेल्या पंतप्रधानांनीं व्हिप काढण्याचें नाकारलें, व ज्यानें त्यानें आपल्या सदसद्विवेकबुद्धीस अनुसरून मत द्यावें असा सूर निघाला. मतदान ता. १६ ऑगस्ट रोजीं झालें.

ता. २० रोजीं मोजणी झाली. पहिल्या पसंतीचीं एकंदर ८,३६,३३७ मतमूल्यें वैध ठरलीं. पैकीं गिरींस ४,०१,५१५, रेड्डींस ३,१३,५४८ व देशमुखांस १,१२,७६९. उरलेल्या किरकोळ उमेदवारांच्या वांट्यास मिळून ८,५०५ आलीं. त्यांत पांडुरंग नथुजी राजभोज यांचीं ८३१ होत. निवडून येण्यास ४,१८,१६९ लागत असल्यामुळें पहिल्या मोजणींत कोणीच पार पडला नाहीं. मागें पडलेल्यांच्या पुढील पसंत्या वांटल्यावर गिरींचे ४,२०,०७७ व रेड्डींचे ४,०५,४२७ झाले.

काँग्रेसच्या हातीं असलेल्या एकूण मतमूल्याहून रेड्डींचा पहिला आंकडा बराच उणा होता. तेव्हां काँग्रेसजनांनीं पक्षाची रेघ ओलांडली यांत वाद नाहीं. पण कथा बहुधा येथेंच थांबविण्यांत येते, आणि तें आम्हांस मान्य नाहीं. वांटणींत गिरींस १८,५६२ ची भर पडली. किरकोळ उमेदवारांचीं सर्वच्या सर्व ८,५०५ गिरींकडे गेलीं असें धरलें, तरी निदान १०,०५७ मतमूल्यें पहिली पसंती देशमुखांस देणारांकडूनच आलीं असलीं पाहिजेत. हीं जर रेड्डींकडे वळतीं तर रेड्डी ४,१५,४८४ व गिरी ४,१०,०२०, म्हणजे निकालच फिरता. निजलिंगप्पांचें बोलणें अगदींच वायां गेलें असेंहि नव्हे. वांटणींत रेड्डींस ९१,८७९ मिळालीं, म्हणजे देशमुखांचे बहुतेक मतदार त्यांच्याकडेच वळले. जे वळले नाहींत त्या थोडक्यांनीं तराजू झुकविला. देशमुखांचे सर्व मतदार वरील दोनच पक्षांचे होते असें मात्र धरतां येत नाहीं. म्हणून हे थोडके कोणत्या पक्षाचे, हें या बेरजांवरून ठरत नाहीं.

अंतर किती लहान होतें तें पाहावें. खासदाराच्या मताचें मूल्य त्या वर्षीं ५७६ होतें. गिरींकडील तेरा खासदार रेड्डींकडे जाते तर गिरी ४,१२,५८९ वर व रेड्डी ४,१२,९१५ वर थांबते. अमुक प्रांतानें किंवा अमुक पुढाऱ्यानें गिरींस निवडून आणलें असे जे दावे पुढें झाले, ते सर्व एकाच वेळीं खरे ठरूं शकतात, इतकें हें अंतर अरुंद आहे. अशा दाव्यांवर तेवढ्यापुरताच विश्वास ठेवावा.

बेरजांखेरीज दुसरें साधन म्हणजे सुप्रीम कोर्टाचें दप्तर. रेड्डींविरुद्ध निनांवी पत्रक वाटून मतदारांवर गैरवाजवी दडपण आणलें, या आरोपावरून निवडणुकीस आव्हान देण्यांत आलें. राष्ट्रपति गिरी स्वतः साक्षीस उभे राहिले, आणि इ. स. १९७० त अर्ज फेटाळले गेले. शपथेवर झालेली ही जबानी कोणत्याहि आत्मचरित्राहून अधिक मोलाची आहे.

आतां उरतात खासगी कागद. त्या वेळच्या आमदार-खासदारांच्या घरीं त्या पंधरवड्यांतील पत्रें, तारा, दैनंदिन्या, आणि त्या पत्रकाच्या प्रती असण्याचा संभव आहे. तारखेची पत्रें व पोस्टाचे शिक्के असलेलीं पाकिटें वेगळीं करूं नयेत; पत्र मतदानापूर्वींचें कीं निकालानंतरचें, हें ठरविण्यास तेवढाच आधार असतो. निकालानंतर लिहिलेल्या पत्रांत गिरींस मत दिल्याचें सांगणारे फार सांपडतील. ता. १६ च्या आधीं तसें लिहिणारा एखादा जरी सांपडला तरी त्याचा कागद नकलून घ्यावा.