दृष्टीआडचा कामगार

2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली, कचेऱ्यांना कुलपे लागली आणि सुशिक्षित नोकरदार घरीच संगणकापुढे बसून काम करू लागला. तेव्हा व्यवस्थापकांना एक मोठी चिंता पडली. माणूस नजरेसमोर नाही, मग तो काम करतो की नाही हे कळावे कसे? जणू काही हा प्रश्न जगात प्रथमच उपस्थित झाला होता! आम्ही जालना जिल्ह्यातील कामगारांत वावरणारी माणसे. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या बैठकीत अधिक झाले. आम्हांस या चिंतेचे नवल वाटले. कारण आमच्याकडील कष्टकरी पिढ्यान् पिढ्या मालकाच्या दृष्टीआडच राबत आला आहे.

हा प्रश्न किती जुना आहे ते पाहावयाचे तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रापर्यंत मागे जावे लागते. त्यात सूत्राध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक प्रकरण आहे. विधवा, अपंग स्त्रिया यांच्याकडून सूत कातून घ्यावे. ज्या घराबाहेर पडत नाहीत त्यांना दासींकरवी घरपोच काम द्यावे. सूत बारीक की जाड आणि भरले किती, हे पाहून वेतन ठरवावे, असे तेथे सांगितले आहे. वेतन देण्यास विलंब करणाऱ्या अधिकाऱ्यास दंड आहे. मात्र वेतन घेऊन काम न करणाऱ्या स्त्रीचा अंगठा तोडावा, असेही तेथेच आहे. मधला माणूस, मालाचे माप, आगाऊ पैसा आणि धाक, ही दूरच्या कामगाराला बांधून ठेवण्याची चारही हत्यारे येथे एकत्र सापडतात. पुढच्या काळात नावे बदलली. हत्यारे तीच राहिली.

स्वतंत्र भारतात 1948 चा फॅक्टरी कायदा झाला, तो कारखान्याच्या भिंतींच्या आत पाहणारा होता. विडीचा धंदा मात्र बव्हंशी भिंतीबाहेर, घरोघरच्या ओसरीवर चाले. 1958 साली चिंतामणराव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, कारखान्याची तंबाखू नेऊन बाहेर विड्या वळवून आणणारे सट्टेदार हे त्या कायद्याखालचे कामगार नव्हेत. पण थोड्याच वर्षांत नागपूरच्या बिरधीचंद शर्मा खटल्यात त्याच न्यायालयाने एक मार्मिक गोष्ट सांगितली. वाईट विडी नापसंत करण्याचा अधिकार ज्याच्या हाती, त्याची देखरेख आहेच! त्यासाठी उशाशी उभे राहावयास नको. 1966 साली संसदेने विडी व सिगार कामगारांसाठी निराळा कायदा केला आणि घरी विड्या वळणाऱ्या बाईलाही कामगार म्हटले. मालक न्यायालयात गेले. 1974 साली न्यायालयाने कायदा उचलून धरला. घराचा उंबरा मालकाची जबाबदारी अडवू शकत नाही, हे तत्त्व अशा रीतीने प्रस्थापित झाले.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळू. दसरा-दिवाळी उरकली की मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या भागांतील कुटुंबे ट्रकवर किंवा बैलगाडीत संसार घालून ऊसतोडीस निघतात. 1972 च्या दुष्काळाने मराठवाड्यातील ही वाट अधिकच रुंद केली. कारखाना कोठे पश्चिम महाराष्ट्रात, फड त्याहून दूर, आणि कारखान्याच्या संचालकाने या माणसाचे तोंडही पाहिलेले नसते. तरी पहाटेच्या अंधारात कोयता चालतो. तो कशाच्या जोरावर? पावसाळ्यातच मुकादमाकडून घेतलेल्या उचलीच्या! नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजतात. मोळ्या गाडीत भरल्या की कारखान्याच्या काट्यावर वजन होते आणि टनामागे मजुरी धरली जाते. आजारपणाने दिवस बुडाला तर खाडा, म्हणजे वरून दंड.

या खाड्याची किंमत कोणी मोजली? 2019 साली शेजारच्या बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न एवढा गाजला की, शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. खाडा पडू नये म्हणून देहाचा अवयव देण्याची पाळी ज्या व्यवस्थेत येते, तिला व्यवस्थापन म्हणावे काय?

एकट्या मुकादमाला शिव्या देऊन भागणार नाही. उचल त्याच्या नावावर असते. टोळी पळाली तर वसुलीही त्याच्याकडूनच होते. त्याला मध्ये उभा करून कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नव्हेत. आम्ही विचारतो, जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, तो करार संघटनांशी कोणी केला? साखर संघाने! ऊस तुमचा, काटा तुमचा, दर तुम्ही ठरविणार, आणि माणूस तेवढा परका? नापसंतीचा अधिकार म्हणजे देखरेख, तर वजनाचा काटा म्हणजे देखरेख नव्हे काय?

दूरच्या कामावर लक्ष ठेवणे अवघड आहे, हे आम्हांस मान्य आहे. काम मोजून घ्यावे, यालाही आमची हरकत नाही. परंतु ज्या काट्यावर काम मोजता त्याच काट्यावर जबाबदारीही मोजा. तोडणाऱ्या स्त्री-पुरुषाचे नाव स्वतंत्रपणे कारखान्याच्या रजिस्टरात असावे, वजनाची पावती त्याच्या हाती पडावी, उचलीचा हिशेब लेखी असावा, आजारपणाला दंड नसावा आणि अपघाताची भरपाई कारखान्याने द्यावी. घरी संगणकापुढे बसणाऱ्या नोकरदारानेही हे ध्यानी घ्यावे. आज त्याच्या कामाचे मिनिट न् मिनिट मोजणारी यंत्रे निघाली आहेत. माप आले, की पाठोपाठ खाडा येण्यास वेळ लागत नाही. दृष्टीआड सृष्टी, अशी म्हण आहे. ती मालकाच्या सोयीची आहे. कामगाराने आणि कायद्याने ती मान्य करण्याचे कारण नाही.