शजऱ्यात नसलेल्या लेकी

माझे माहेरचे आडनाव पाटील. वर्गात नवीन आलेली मुले हमखास विचारतात, "मॅडम, तुम्ही मुसलमान, मग पाटील कशा?" दक्षिण महाराष्ट्रात मुसलमान पाटलांची घरे कितीतरी आहेत, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

आमच्या खानदानाचा मेळावा दरवर्षी गावच्या उरुसाच्या दुसऱ्या दिवशी भरतो. पुण्या-मुंबईचे, आखातातले सगळे येतात. दुपारचे जेवण झाले की थोरले चचा पेटीतून शजरा काढतात. कापडावर चिकटवलेला जाड कागद, त्यावर दादांच्या हातचे उर्दू. उजवीकडून डावीकडे सात पिढ्या. लहानपणी मी त्यात स्वतःचे नाव शोधायचे. ते नव्हते. माझ्या तिन्ही भावांची होती.

आम्ही समजत होतो, ही आपली जुनी रीत, कदाचित मजहबातलीच. पण सूरह निसामध्ये लेकीचा वाटा स्पष्ट आहे: मुलाच्या निम्मा का होईना, पण ठरलेला. मग ही रीत आली कुठून?

मला वाटते, निदान अर्धे उत्तर पाटीलकीत आहे. पाटीलकी हे वतन. इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनामांची चौकशी सुरू झाली, तेव्हा सनद आणि वंशावळ दाखवणे भाग पडले. १८७४ मध्ये मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा आला. १८८६ च्या दुरुस्तीने तर लिहूनच टाकले की वतनदार घराण्यातल्या स्त्रीचा क्रम पात्र पुरुष वारसांच्या मागे. अपवाद फक्त शेवटच्या पुरुष मालकाच्या विधवेचा. म्हणजे वतनाचा कागद म्हणून शजरा जपायचा, तर त्यात मुलींची गरजच नाही! सरकारदरबारी उपयोगाची नावे तेवढी राहिली. पुढे आपण त्याच कागदाला खानदान म्हणू लागलो.

१९३७ च्या शरियत कायद्याने रूढीपेक्षा शरियत वर ठेवली, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यातून शेतजमीन वगळली होती, हे मात्र कोणी सांगत नाही. गावाकडच्या मुसलमानाकडे शेतीशिवाय होते काय? १९६२ च्या कायद्याने पाटीलकीही गेली. सवय गेली नाही. अब्बांच्या पश्चात माझ्यापुढेही हक्कसोडपत्र आले. "भावांशी वाईटपणा नको" म्हणून मी सही केली. इतिहास शिकवणारी बाई, न वाचता सही करून आले.

यंदा मी चचांना म्हटले, "शजरा नव्याने लिहू या, लेकी-सुनांसकट." ते बराच वेळ गप्प होते. एक चुलतभाऊ हसत म्हणाला, "आपा, आता सातबाराही मागणार का?" हसण्यात थोडी भीती होती, ती मला दिसली. फुफींनी मात्र पानदान बाजूला सारले आणि म्हणाल्या, "लिख बेटी, पहले मेरा नाम लिख."

मग वही घेऊन बसलो. फुफी, त्यांच्या बहिणी, दादी इथपर्यंत भराभर झाले. दादांच्या अम्मीपाशी गाडी अडली. ती कोणत्या गावची, केवढे ओझे डोक्यावर घेऊन विहिरीची पायरी चढायची, दुष्काळात दागिने मोडून तिने बैल कसे राखले, सगळे सगळ्यांना ठाऊक होते. नाव कोणालाच आठवेना. चचांनी तिथे रेघ मारून जागा सोडली आहे.