‘मोती पिकू द्या’ : एका जुन्या सल्ल्याचा इतिहास

१/ जळकोटच्या आमच्या आजीने उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू चार वर्षे तसाच ठेवला. कारण एकच : ‘मोती पिकल्याबिगर काढत नसतेत.’ एके रात्री डोळा लाल होऊन ठणकू लागला. दवाखान्यात नेईपर्यंत दृष्टीची नस निकामी झाली होती. आजीचा समज ही अंधश्रद्धा होती का? नाही. तो एके काळचा वैद्यकीय नियम होता.

२/ मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर वाढलेला पडदा नव्हे. बाहुलीमागचे नैसर्गिक भिंगच गढूळ होते. पुढे बाहुलीत मोत्यासारखी पांढुरकी झाक दिसते, म्हणून हे नाव.

३/ सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात ‘लिंगनाशा’वर शलाकेचा उपचार आहे. जवाच्या टोकासारख्या शलाकेने गढूळ भाग बाजूला सारायचा. भिंग बाहेर येत नसे, प्रकाशाची वाट तेवढी मोकळी होई. वाग्भटाच्या अष्टांगहृदयातही पूर्ण वाढलेल्या लिंगनाशावरच शलाका चालवावी, असे सांगितले आहे. ‘पिकण्या’ची कल्पना इतकी जुनी आहे.

४/ अठराव्या शतकात फ्रान्सच्या जाक दाव्हिएलने भिंग डोळ्याबाहेर काढले. १७५३ मध्ये त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. मात्र कच्च्या मोतीबिंदूचा चिकट गर आत राहून डोळा सुजे. पिकलेला मोती मोकळेपणाने निघे. त्यामुळे थांबण्यातच शहाणपण होते. शिवाय भिंग काढल्यावर जाड चष्मा अटळ होता.

५/ दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेल्या विमानकाचेच्या ॲक्रिलिक तुकड्यांचा डोळ्याला फारसा त्रास होत नाही, हे हॅरॉल्ड रिडली यांनी हेरले. नोव्हेंबर १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांनी पहिले कृत्रिम भिंग बसवले.

६/ १९६७ मध्ये अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक छेदातून ओढून घेण्याची पद्धत आणली. येथे नियम उलटला. जितका मोती पिकलेला, तितका तो टणक आणि फोडायला अवघड! अतिपक्व भिंगातून प्रथिने पाझरून डोळ्याचा दाब वाढू शकतो. आजीचे तेच झाले.

७/ भारतात राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू झाला. आपल्याच लातूर जिल्ह्यातल्या, रेणापूर तालुक्यातील माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात आणि गावोगावच्या शिबिरांत मिळून एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

८/ शस्त्रक्रिया बदलली, पण जुना सल्ला गावाच्या ओट्यावर तसाच राहिला. ज्ञान कालबाह्य झाल्याची वार्ता ज्ञानाइतक्या वेगाने पोहोचत नाही. दिसण्यात अडचण येऊ लागली की तपासणी करून घ्यावी. वेळ डॉक्टर ठरवतील. आजीचा डावा डोळा आम्ही पिकू दिला नाही. आज ती त्याच डोळ्याने तांदूळ निवडते.