हमी आणि नोंद

१९७२च्या दुष्काळात महाराष्ट्राने रोजगार हमी योजना हाती घेतली. वि. स. पागे यांची ती कल्पना. १९७७च्या कायद्याने खेड्यातल्या प्रौढ माणसाचा अंगमेहनतीच्या कामावरचा हक्क मान्य केला. काम नसेल तर बेकारी भत्ता. खर्चासाठी शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला.

शिकलेल्या पोरांसाठी सेवायोजन कार्यालय होते. १९५९च्या कायद्यानुसार मोठ्या आस्थापनांनी रिकाम्या जागा तिथे कळवायच्या. पण माणूस तिथूनच घ्यावा, असे बंधन नव्हते. बी.ए. झाल्यावर मीही नाव नोंदवले. अब्बा रोज विचारत, "बोलावणं आलं का?"

ज्याच्या ओळखीत कुणी साहेब नाही, त्याला नुसते कार्ड पुरत नाही. मजुराला हमी मिळाली, त्याच्या पदवीधर मुलाला फक्त नोंद. धोरण आखणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.