काळ्या चिखलात अडलेले चाक

आदिलाबादकडील काळी जमीन कापसाला जितकी मानवते, तितकीच ती वाटसरूला छळते. उन्हाळ्यात हात आत जाईल एवढ्या भेगा पडणारी ही माती मृगाच्या सरी कोसळल्या की फुगते, लोण्यासारखी निसरडी होते आणि चाकाला थरांवर थर चिकटत जातात. पैनगंगेच्या दक्षिणेस जैनथ, बेला, तामसी या भागांत मराठी बोलणारी पुष्कळ कुटुंबे आहेत. १९५६ पर्यंत किनवट आणि राजुरा हे तालुकेही याच जिल्ह्यात मोडत होते. या मुलखात बैलगाडीच्या मागोमाग मोटार आली आणि येताना तिने एक अगदी नवी अडचण आणली.

नवी म्हणण्याचे कारण असे. बैलगाडीचा आस स्थिर असतो. त्याच्या दोन टोकांना दोन्ही चाके आपापली मोकळी फिरतात. वळणावर बाहेरचे चाक अधिक फिरते, आतले कमी, आणि त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज भासत नाही. शिवाय गाडीला ओढतात ते बैल. जोर जुवावर असतो, पकड खुरांची असते. चाक केवळ गडगडते. गाडी चिखलात रुतेल, चार माणसांना खांदा द्यावा लागेल, पण चाक जागच्या जागी गरगर फिरत राहिले आहे, असे कुणी कधी पाहिले नसेल. केस्लापूरच्या नागोबाच्या जत्रेला मेश्राम कुळातील गोंड बैलगाड्यांनी येण्याची रीत आहे. ती जत्रा पौषात, वाटा कोरड्या असताना भरते, हेही खरे.

मोटारीत सारा प्रकार उलटा. येथे चाकच जमिनीला रेटते. मागची दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसवली, तर वळताना पंचाईत होते. दोन चाकांत दीड मीटर अंतर असेल, तर एका पूर्ण फेरीत बाहेरचे चाक आतल्यापेक्षा सुमारे साडेनऊ मीटर अधिक चालते. हा फरक जुळवून घेणारी दंतचक्रांची रचना पॅरिसच्या ओनेसिफोर पेक्यूर याने वाफेच्या गाडीसाठी योजिली आणि १८२८ मध्ये तिचे पेटंट घेतले. पुढे १८७७ मध्ये इंग्लंडमधील कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ली याने तीच युक्ती तीनचाकी सायकलीला लावली. ट्रकच्या मागच्या आसाच्या मध्यावर जो फुगीर लोखंडी गोळा दिसतो, त्याच्या पोटात हीच रचना असते. तिचे नाव डिफरन्शियल.

निजाम स्टेट रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली. स्वातंत्र्यानंतर जीप आणि त्यामागून ट्रॅक्टर खेड्यापाड्यांत पोहोचले. पक्क्या सडकेवर जे यंत्र गुणी, ते काळ्या चिखलात दगा देऊ लागले. डिफरन्शियलचा स्वभाव असा की, ते दोन्ही चाकांना नेहमी सारखाच जोर वाटून देते. एक चाक निसरड्यात पडले की ते थोड्याशा जोरानेच घसरू लागते. मग कोरड्यातल्या चाकालाही तेवढाच थोडा जोर मिळतो. ते चाक थांबून राहते आणि घसरणारे चाक दुप्पट वेगाने फिरत स्वतःचा खड्डा खणते. एंजिनाची ताकद कितीही असो, गाडीचा पल्ला सर्वांत दुबळे चाक ठरवते. जीपची चारही चाके एंजिनाला जोडली, तरी पुढचे एक आणि मागचे एक घसरले की तीच गत.

यावरचा गावठी उपाय शास्त्राला धरून आहे. फिरणाऱ्या चाकाखाली पऱ्हाट्या वा दगड सारले की दुबळ्या चाकाची पकड वाढते आणि त्या हिशेबाने दुसऱ्याचाही जोर वाढतो. जुना ट्रॅक्टरवाला आणखी एक गोष्ट करीत असे. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. घसरणाऱ्या चाकाचाच ब्रेक बेताने दाबला की यंत्राला तिकडे विरोध जाणवतो आणि दुसऱ्या चाकाकडे जोर जातो. आजच्या मोटारींतील संगणक हेच करतो. त्याचे कौतुक करताना त्या ट्रॅक्टरवाल्याची आठवण ठेवावी.

पुरता उपाय म्हणजे डिफरन्शियलला कुलूप. ट्रॅक्टरवर पायाशी असलेली कळ दाबली की दोन्ही चाके एकजीव होतात आणि ज्याची पकड आहे ते चाक हवा तेवढा जोर घेते. याहून सौम्य उपाय घसरण मर्यादित ठेवणाऱ्या डिफरन्शियलचा. त्यात एकमेकींवर दाबून बसवलेल्या चकत्यांचे घर्षण वेगाने फिरणाऱ्या चाकाला आवरते आणि हळू चाकाकडे अधिक जोर पोहोचवते. १९३० च्या दशकात जर्मनीत पोर्शच्या शर्यतीच्या मोटारींसाठी झेडएफ कारखान्याने असे यंत्र घडवले. १९५६ मध्ये अमेरिकेच्या स्टुडबेकरने ते घरगुती मोटारीत दिले. आपल्याकडे महिंद्रच्या थारमध्ये चाक घसरताच आपोआप बसणारे कुलूप आले आहे.

पावसाळ्यात उटनूरकडच्या पाड्यांतून रुग्णाला बाहेर काढायचे असते, तेव्हा असल्या कुलपाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. परंतु ते सर्वकाळ लावून ठेवण्याची वस्तू नव्हे. कुलूप लावून वळू गेले, तर गाडी सरळच जाऊ पाहते आणि दांड्यांवर भलताच ताण येतो. आडव्या उताराच्या ओल्या रस्त्यावर धोका अधिक. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरले तरी थांबलेले दुसरे चाक गाडीची मागची बाजू जागेवर धरून ठेवते. कुलूप लावल्यावर दोन्ही चाके एकदम घसरू शकतात, आणि मग मागची बाजू उताराकडे सरकते. निर्मळहून आदिलाबादकडे येताना लागणाऱ्या महबूब घाटासारख्या ठिकाणी ही गोष्ट जिवावर बेतू शकते. म्हणून जाणता चालक चिखलात शिरण्यापूर्वी, चाके सरळ असताना कुलूप लावतो, धिम्या गतीने पलीकडे निघतो आणि वळण येण्याच्या आत ते सोडतो.